हळदीच्या रंगाचा खडा

वसमतच्या आजूबाजूला हळद निघाली की शिजवायला पुंजाजीलाच बोलावणं यायचं. अंगानं भरदार, पोट सुटलेलं, तरी दिवसभर कढईपाशी उभा. जाळ सोडून पाणी प्यायला जायचं त्याच्या जिवावर येई. त्याचा जोडीदार जळबा काडीसारखा बारीक, पण पाण्याच्या बाबतीत तोही तसाच.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हंगामात पुंजाजीच्या कुशीत कळ उठली. गडाबडा लोळल्यावर लघवीवाटे ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पडला. खडा हळदीच्या रंगाचा होता. पुंजाजीला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. एवढी वर्षं हळद नाकातोंडात गेली, तीच आत थिजली काय? त्याची बायको मालनबाई, तिलाही तसंच वाटलं.

पुढं दुसऱ्या कुशीत दुखायला लागलं तेव्हा तो नांदेडला गेला. डॉक्टरांनी फोटो काढला. त्यात मणके दिसले, फासळ्या दिसल्या, खडा काही दिसेना. पुंजाजीनं रुमालाची गाठ सोडून पहिला खडा पुढं ठेवला. डॉक्टरांनी समजावलं की हा हळदीचा नव्हे, युरिक आम्लाचा. असले खडे फोटोत उमटत नाहीत. पाणी कमी पडलं, लघवी आंबट झाली की ते धरतात, आणि खायच्या सोड्यानं विरघळतातही. तपासणीत रक्तात साखर वाढलेली निघाली, मूत्रपिंडंही थोडी मंदावलेली होती.

पुंजाजीनं विचारलं, "मंग जळबाला काहून न्हाई झाला? तो बी त्याच जाळापाशी उभा ऱ्हातो."

"तुमचं पोट, साखर आणि लघवीचा आंबटपणा यांचं काहीतरी नातं असावं," डॉक्टर म्हणाले. "ते कसं, हे आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही."

त्यांनी सोडा दिला, मटण कमी करायला सांगितलं आणि लघवी तपासायला कागदाच्या पट्ट्या दिल्या. आंबट असेल तर पट्टी पिवळी राहायची, सोडा लागू पडला की हिरवट व्हायची. पुंजाजीनं ती ताकात बुडवली, चिंचेच्या पाण्यात बुडवली. मालनबाई वैतागली, "मुताच्या पट्ट्या माह्या ताकात काहून बुडवून राहिले?"

मग त्यानं जळबाला त्याची लघवी तपासू द्यायची गळ घातली. जळबा लाजला, पण तयार झाला. सोड्याचा कणही न घेता त्याची पट्टी हिरवट झाली.

हे ऐकून डॉक्टरांनी जळबालाच घेऊन या म्हटलं. जळबा काही नांदेडला आला नाही. पुंजाजीचा खडा आतल्या आत विरघळला, मूत्रपिंडं त्याहून बिघडली नाहीत. साखरेनं मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही.