तारेच्या टोकावरचं कुंकू

"उजेड पोचला का, ताई?"

फोन उचलला की त्याचा पहिला प्रश्न हाच. हॅलो नाही, नमस्कार नाही. नेट हा शब्द त्याला ठाऊक नव्हता असं नाही, पण तो वापरायचा नाही. "काचेच्या तारेतून काय जाते? उजेडच जाते ना बाप्पा! मंग उजेड म्हना."

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल, मान वर करून चालणारा. आपण समोरची गाडी बघतो, खड्डा बघतो. हा खांब बघायचा. पूर्वी केबल टीव्हीच्या काळ्या तारा ओढायचा, मग फायबरच्या ओढू लागला. अकोल्याच्या जठारपेठेत सगळे त्याला भाऊ म्हणत. मोपेडवर बसून खांद्यावर शिडी अडकवलेला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नजर कायम गच्च्यांवर. दोनदा तरी तो भाजीच्या हातगाडीत शिरलेला मी स्वतः पाहिला आहे. "गाडी दिसली नाही," तो शांतपणे सांगायचा, "तार पाहून राहिलो होतो."

त्याची माझी ओळख झाली ती आईमुळे.

आईचे कान हळूहळू गेले. मशीन आणून दिलं, तर म्हणाली, "यात नुसतं कढईत भजे तळल्यावानी ऐकू येते," आणि ते कपाटात गेलं. पण ती ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही, आपोआप. समोर बसून नीट बोललं की तिला सगळं कळायचं, नको तेसुद्धा. मी अमरावतीला, नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात, ऑफिसात. माझा सख्खा भाऊ पुण्यात. आई अकोल्यात एकटी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, हाच आमचा धागा.

आणि तो धागा म्हणजे नुसता वैताग होता. जुनं कनेक्शन इतकं मंद की माझा चेहरा मध्येच गोठायचा. "तुह्यं तोंड उघडंच राह्यलं वं, माशी जाईन!" आई म्हणायची. ओठ एक बोलायचे, तिच्यापर्यंत दुसरंच पोचायचं. मग ती बिचारी सगळ्यालाच मान हलवू लागली. एकदा मी सांगितलं, मला ताप आहे. ती हसून म्हणाली, "हो हो, छान झालं."

हे मी भावाला गंमत म्हणून सांगितलं आणि पस्तावले. तो म्हणाला, "बस झालं. उद्या तिला काही झालं तर कळणार कसं? घराला कुलूप लाव आणि तिला तुझ्याकडे घेऊन जा." आईला विचारलं तर तिनं माझ्या ओठांवरून नजरच काढून घेतली. हा तिचा नवा उपाय होता. ऐकायचं नसलं की बघायचंच नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून बोलली, "मी गेल्यावर लावा कुलूप." शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. रोज धड बोलता आलं तर आई तिच्या घरात राहील, नाहीतर नाही.

फायबरसाठी विचारलं तर कंपनीवाले म्हणाले, तुमची गल्ली आमच्या योजनेत नाही. तारवाला भाऊ म्हणाला, "काहून नाही? मी आनतो ना."

तो आला ते उन्हाळ्यात, अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! मी रजा काढून आले होते. आई पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. त्यानं मागून दोनदा हाक मारली. मी काही सांगायच्या आत त्याच्या लक्षात आलं. वळसा घालून तो तिच्या समोर गेला, दुपट्टा सोडला, दारातला उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "आजी, पानी देता का?"

आई खुश! मला आत येऊन सांगते, "याचं बोलनं पाह्य कसं सोडवून सोडवून हाये. नाहीतर तू, तोंडात लाह्या फुटतात तुह्या."

दिवसभर तो गच्च्यांवरून तार आणत होता. कुठे कुरडया वाळत होत्या, कुठे मिरच्या. प्रत्येक घरी विचारायचा, प्रत्येक घरचं पाणी प्यायचा, मग पुढं. उन्हात ती तार दिसायचीच नाही. हवेत हातवारे करत कुणीतरी आपल्या घराकडे चालत येतंय असं वाटायचं. संध्याकाळी तारेचं टोक बैठकीत आलं. त्याला चिमुकली टोपी घालून तो म्हणाला, "उद्या खांबावर जोड मारतो. हे टोक आता तपासलं, एक नंबर हाये."

दुसऱ्या दिवशी जोड मारला, बॉक्स लावला, टोक न निरखताच त्यात खुपसलं आणि लाल दिवा! तो दिवा हिरवा होईना. घरातलं टोक चांगलं आहे याची त्याला खात्री, म्हणून तो बाहेर शोधत फिरला. सगळ्या गच्च्या पुन्हा, सगळे खिळे, सगळी वळणं. एका बाईनं तारेवर ओल्या गोधड्या टाकल्या होत्या, त्या उतरवल्या. तरी लालच. आई पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती आणि आक्रसत चालली होती. मला वाटलं, ऊन लागतंय.

दिवेलागणीला त्याचा खांबावरून फोन आला. "ताई, मी इकून लाल उजेड सोडतो. टोक भितीकडं धरा, डोळ्याकडं नोका धरू. पोचला का सांगा." मी टोक धरलं. भिंतीवर स्वच्छ लाल ठिपका पडायला हवा होता. पडला तो नुसता डाग, अंधुक. टोकाला मात्र काहीतरी विस्तवासारखं लाल पेटलं होतं.

आई वाकली. बारीक आवाजात म्हणाली, "ते कुंकू हाये."

झालं होतं असं. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं. मिक्सर असो, कूलर असो. बाबा गेल्यापासून आई स्वतः कशाला बोट लावायची नाही, शेजारच्या काकूंना बोलवायची. पण त्या रात्री तिला काय वाटलं कोण जाणे. मी झोपल्यावर तिनं टोपी काढली, ती वेष्टणच समजली असणार, आणि आपल्या हातानं टोकाला कुंकू लावलं. वर टोपी पुन्हा बसवली.

माझा पारा चढला. "अगं आई! दिवसभर तो माणूस उन्हात भाजला!" तोवर भाऊ खांबावरून उतरून दारात आला होता. आई कुणाकडे न बघता म्हणाली, "माह्या हातचं लागलं, म्हनूनच नाही चाललं."

मी हातातलं टोक हळूच बॉक्सवर ठेवलं.

त्यानं दुपट्टा सोडला. ट्यूबलाइटखाली गेला, आईनं वर बघेपर्यंत थांबला. "आजी, देवाच्या हातचं लागलं असतं तरी हेच झालं असतं. या टोकाले धूळ सोसत नाही, काईच सोसत नाही. तुमच्या हाताचा काई गुना नाही." मग पिशवीतून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढली, टोक हातात घेतलं आणि थांबला. "नाही," म्हणाला, "कुंकू पुसत नसतात." त्यानं तेवढं टोक कापलं, नवीन बसवलं आणि कुंकू लागलेला तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. आईनं तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मला रडू आलं, मी सरळ रडले.

बॉक्सवरचा दिवा हिरवा झाला. "बॉक्सले लावा आता कुंकू," तो म्हणाला, "टोकाले नाही." आईनं लावलं, चांगलं ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं परत निघाले. मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं. रस्त्याकडेला उकरलेली माती दिसली की मला वाटायचं, इथूनच जात असेल. आपलं बोलणं उजेड होऊन या काळ्या मातीखालून जातं, पऱ्हाटीच्या मुळांना लागून जात असेल, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. संध्याकाळी फोन लावला. चित्र असं की आई समोर बसली आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ओठ फाटले वं तुह्ये. तूप लाव." दिवाळी आली आणि गेली. कुलपाचं नाव पुण्याच्या भावानं काढलं नाही.

पुढे गल्लीत नवा बॉक्स बसवायचा असला की भाऊ आधी आमच्या दारात थांबायचा. "आजी, लावा कुंकू." कुणी तरी कुरकुरलं, विधवेच्या हातून कशाला म्हणून. हा म्हणाला, "नको असंन त थांबा मंग. माह्याकडं लई घरं हायेत." कुणी थांबलं नाही. आई आता फाटकात उभी राहून त्याची वाट बघायची. तो शिडीवरून उतरला की ती त्याच्या ओठांकडे बघायची आणि दोघं कशावर तरी हसत बसायचे. मला ते कधीच सांगितलं नाही.

परवाच्या थंडीत एका संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन लावला. चित्र लख्ख. आई खुर्चीत होती, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"आई, आवाज येत नाही. काय झालं बघ बरं तिथं."

ती बोलतच राहिली. आवाज नाही.

"थांब, मी भाऊला फोन करते. तो येऊन बघेल."

आईनं जोरजोरात मान हलवली, नाही नाही. मग फोन अगदी जवळ घेतला. तिच्या गळ्यातून आवाजच फुटत नव्हता. तिनं ओठ सावकाश, सोडवून सोडवून हलवले, मी एरवी तिच्यासाठी हलवते तसे. मला ओठ वाचता येत नाहीत, कधी गरजच पडली नाही. त्या दिवशी मात्र एकूण एक अक्षर कळलं.

"तोच गेला वं."

कॉल आम्ही बंद केला नाही.