पोटाले दात नसतेत

वच्छलामावशी ताटात कधीच अख्खी भाकर वाढत नसत. चतकोर वाढायच्या, समोर बसायच्या आणि तो संपेपर्यंत दुसरा टोपल्यातून निघायचा नाही. अकोल्याला जठारपेठेत त्यांची खानावळ होती, जेवणारे आम्ही सहा जण. नोकरी लागली म्हणून मी वलगावहून आलो आणि पहिल्याच दिवशी चतकोर दोन घासांत गिळून हात पुढे केला.

“काहून गा, गाडी सुटून राहिली काय तुही?” मावशी म्हणाल्या. “पोटाले दात नसतेत. चावाचं काम वरच उरकून घे.”

मला राग आला. पण होस्टेलच्या दिवसांपासून माझ्या खिशात पित्ताच्या गोळ्या असायच्या, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. मावशींचं शास्त्र साधं होतं: “पोट भरलं हे डोक्याले समजाले टाइम लागते. तवर तू दोन भाकरी जास्तीच्या चेपतं.” दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की गोळ्या संपल्यात आणि नव्या आणायची आठवणही झालेली नाही.

एकदा विसरलेलं हेल्मेट घ्यायला परत गेलो, तर मावशी ओट्याशी उभ्या. वरणात बुडवलेली भाकर पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होत्या. तीन मिनिटांत ताट धुऊन पालथं.

“मावशी, हे काय?”

“मी जेवत नाही गा, उरकतो. तीस साल झाले.”

त्याच वर्षी त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, बसून सावकाश जेवा. मावशींनी हसण्यावारी नेलं. “बसून खायाले मी का पाव्हणी हावो?” मला भीती वाटली. समोरचं माणूस दुखणं वाढवून घेतंय आणि आपण भाकर मागतोय, याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जण वाढल्या ताटावर हात बांधून बसलो. “मावशी, तुमी बसल्याशिवाय आमी घास नाही घेत,” मी म्हणालो. त्या चिडल्या, ऑफिसच्या वेळेची आठवण करून दिली, भाजी थंडी होते म्हणाल्या. कोणी हललं नाही. शेवटी बसल्या. मी वाढलं. वांग्याच्या भाजीचा घास त्यांनी सावकाश चावला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

“माह्या हातानं मीठ जास्त पडते गा,” त्या हळूच म्हणाल्या. “इतक्या सालात कोणीच कसं नाही सांगतलं?”

“आमाले वाटे, तुमाले तसंच आवडते.”

मावशींना हसू आवरेना, मग पदर डोळ्यांना लागला.

त्या दिवसापासून पंगतीत सातवं ताट आलं. भाजीतलं मीठ उतरलं, पुढे साखरही आटोक्यात आली. खानावळ आता बंद झाली, मावशी अकोटला लेकीकडे असतात. परवा दुपारी फोन केला, तर पलीकडून आवाज आला, “ताटावर बसलो हावो गा. अर्ध्या घंट्यानं कर.”