साडूची पॉलिसी

प्रभुदासने नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि आठवडाभरात त्याला कळलं की आपल्या ओळखीतला प्रत्येक दुसरा माणूस विमा विकतो. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे विकतात, दूधवाल्याचा पुतण्या विकतो. उभ्या जन्मात ज्याने कधी सलाम केला नाही, तो शेजारीसुद्धा ‘सहज’ म्हणून चहाला येऊन बसतो. कारखान्यात लेथ मशीनवर हाडं झिजत होती तेव्हा यांतला एकही तब्येत विचारायला फिरकला नव्हता. प्रभुदास त्यांचा चहा कडक करायचा आणि उत्तर त्याहून कडक द्यायचा.

धास्ती मात्र खरी होती. त्याच्या बायकोला, स्टेलाला, जुनी शुगर. मागच्या साली पायाची जखम चिघळून ऑपरेशन झालं, ते कारखान्याच्या विम्यात निभावलं. नोकरी सुटली तसा तो विमाही गेला. आता पुन्हा पाय चिघळला तर काय, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता.

अशात रविवारी सोनईहून साडू आले. नोहा सर शाळामास्तर. विम्याची एजन्सी बायकोच्या, ग्लोरियाच्या नावावर. धंदा सगळा सरांचा. मुलांना पाढे येवोत न येवोत, सरांना हप्ते तोंडपाठ. आपल्याकडे साडूची पॉलिसी नाकारणं म्हणजे बायकोच्या बहिणीशी वैर घेणं, हे सरांना चांगलं ठाऊक. म्हणून ते जेवायच्या वेळेलाच आले.

कोंबडीचा रस्सा वाढला गेला आणि सरांनी डोळे मिटून प्रार्थना धरली. रस्सा निवला तरी आमेन येईना. “हे प्रभू, आमच्या स्टेलाताईची शुगर तीनशेवर गेली हाय, ती तू खाली आण.” देवाला आकडासुद्धा सांगून झाला. मग सरांनी हाडं चोखली, हात धुतले आणि बॅग उघडली.

“भाऊ, शुगरचं नाव काढायचं न्हाई. कंपनीचा फोन आला तर सांगायचं, सगळं नॉर्मल हाय. हप्ता कमी बसंल.”

प्रभुदास म्हणाला, “अरे, आत्ता देवाला तीनशे सांगितलीस ना? कंपनीला नॉर्मल सांगू?”

“देवाचं येगळं. देव क्लेम नाकारत न्हाई.”

“आन कंपनीनं नाकारला, तर दवाखान्याचं बिल तू भरशील?”

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एकदम सोनईची गाडी आठवली. “तुमच्या भल्याचंच सांगत हुतो,” असं पुटपुटत ते निघाले. दुसऱ्याच्या बायकोच्या पायावर कमिशन खाणारा मास्तर पोरांना खरं बोलायला शिकवतो, याची प्रभुदासला किळस आली, आणि स्टेलासमोर त्याने ती मनसोक्त ओकली.

सोमवारी तो स्वतःच विमा कंपनीच्या ऑफिसात गेला. कारखान्याचा विमाही याच कंपनीचा होता. त्याने शुगर, ऑपरेशन, सगळं सांगितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “विमा मिळेल, हप्ता जास्त पडेल. पण शुगरमुळे जे होईल त्याचा खर्च तीन वर्षं मिळणार नाही.”

“तीन वर्षं? कारखान्याच्या विम्यात तर सगळं मिळत हुतं!”

“तोच विमा नोकरी सोडायच्या आधी स्वतःच्या नावावर बदलून घेतला असता, तर थांबावं लागलं नसतं. आता मुदत गेली. कारखान्यातून कुणी बोललं नाही?”

बोललं होतं. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातली पोरगी त्याच्यामागे जिन्यापर्यंत आली होती, “काका, विम्याचं जरा ऐकून घ्या,” म्हणत. ही पण विकायलाच आली, असं समजून त्याने तिला चारचौघांत झाडलं होतं. पोरगी खाली मान घालून परत गेली होती.

घरी स्टेला पाटावर पाय ठेवून अजून पुरती न भरलेल्या जखमेची पट्टी बदलत होती. त्याने तीन वर्षांचं सांगितलं. तिचा हात थांबला.

“आन हे आधी कुनीच सांगितलं न्हाई व्हय तुमाला?”

“न्हाई,” प्रभुदास म्हणाला. “कुनीच न्हाई.”