बारा नंबरपुढची फुली

बास्केटबॉलच्या सामन्यात सगळे चेंडूकडे बघतात, मी कागदाकडे बघायचो. शाळेत पी.टी. शिकवून उरलेल्या वेळात मी वीसेक वर्षं स्कोअरर म्हणून टेबलावर बसलो आणि त्या कामाचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बदली खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरली की तिच्या नंबरपुढे फुली मारायची. फुली असेल तर ती खेळली, नसेल तर सामनाभर बाकावर बसून होती. "डोळे कागदावर ठेवा" असं मी नव्या स्कोअररांवर इतकं खेकसायचो की ते माझ्या मागे माझी नक्कल करायचे. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

ज्या मुलीची ही गोष्ट, ती माझ्याच शाळेची. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातली, आई बाजारात मासळी विकते. रोज उजाडता उजाडता ती रेल्वेचा पूल चढून पूर्वेला, नवघरच्या मैदानावर यायची. उंची बेताची, पण पास असा द्यायची की घेणारीला हात पुढे करण्यापलीकडे काही करावं लागू नये. पाच वर्षं मी तिला शिकवलं. ती देशाच्या कनिष्ठ संघात निवडली गेली तेव्हा मी शाळेत पेढे वाटले, आणि त्याच संघाच्या सामन्याला स्कोअरर म्हणून बोलावणं आलं तेव्हा मात्र ती माझी विद्यार्थिनी आहे हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्याला बसवलं असतं.

त्या सामन्यात आपल्या मुलींनी एका परदेशी संघाला पहिल्यांदाच हरवलं. प्रक्षेपण नव्हतं, लॅपटॉपवर आकडे टिपणारे नव्हते. जे काही उरणार होतं ते माझ्या कागदावर. शेवटच्या मिनिटाला ती बदली म्हणून टेबलाशी येऊन उभी राहिली. बारा नंबरची जर्सी खाली ओढत, हळूच म्हणाली, "सर, जातेय." मी हॉर्न दाबला. ती धावत आत गेली आणि मी बघत राहिलो. तिनं एक चेंडू अडवला आणि तो लांब पास दिला, तोच, नवघरचा. दुसरीनं बास्केट केली. ते दोन गुण मी निळ्या पेनानं नीट लिहिले.

रेफरींच्या सह्या झाल्या. मी प्रती फाडून वेगळ्या करत होतो तेव्हा बारा नंबरपुढचा रिकामा चौकोन दिसला. रेफरी दहा पावलांवर बुटांच्या नाड्या सोडत बसले होते. उठून सांगायचं होतं, की माझी चूक झाली. पण मग विचारलं असतं, कशी झाली? आणि त्याच महिन्यात परदेशातल्या स्पर्धांसाठीच्या स्कोअररांच्या यादीत माझं नाव जायचं होतं. मी मूग गिळून बसलो.

आठ महिन्यांनी त्या सामन्याची आकडेवारी महासंघाच्या संकेतस्थळावर चढली, माझ्याच कागदावरून. कुणी किती गुण केले, किती फाऊल केले, सगळं. बारा नंबरच्या ओळीत लिहिलं होतं, खेळली नाही.

ती आणि तिची आई माझ्या घरी आल्या. मुलीनं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज केला होता. नुसतं संघात असणं आणि प्रत्यक्ष खेळणं, दोन्हींचे गुण तिथं वेगळे होते. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"सर, कुन्या हापिसवाल्यानं घोळ केला आसंल," ती म्हणाली. "तुमी तं तितंच व्हता. तुमी सांगितलं तं आयकतील."

काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी एवढंच म्हणालो, "बघतो."

त्या दिवशी मात्र मी महासंघाला पत्र लिहिलं. फुली राहिली ती माझ्या हातून, खेळाडू मैदानात उतरली होती, असं स्पष्ट लिहून खाली सही केली. उत्तर यायला महिना लागला. रेफरींनी सही केलेला कागद अंतिम असतो, बदल होणार नाही. माझं नाव यादीतून काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरीच्या निवड यादीत तिचं नाव नव्हतं. फुलीमुळेच राहिलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण फुलीमुळे राहिलं नाही असंही कुठल्या तोंडानं म्हणू?

मग मी बाजारात गेलो. आई बोंबील मांडत होती, मुलगी तिच्या शेजारी बसून कोलंबी सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तू आत गेलीस तेव्हा मी कागद सोडून तुझ्याकडे बघत होतो, म्हणून फुली राहिली, असंही सांगितलं. मला वाटत होतं, निदान एवढं ऐकून तिला थोडं बरं वाटेल. माणूस स्वतःची किती सोय बघतो.

आईनं बोंबलांवर पाणी मारलं.

मुलगी हात पुसत म्हणाली, "माझ्याकडं बघत होतात, ते ठीक आहे सर. चूक होते. मी पण किती पास चुकवलेत." मग थांबली. "मॅच संपल्यावर आम्ही बसमध्ये चढत होतो, तेव्हा मी धावत येऊन तुमच्या पाया पडले. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, नाव काढलंस म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिनं हिंदीत भाव सांगितला. आजही बाजारात दिसलो तर ती ओळख दाखवते, हसते. सर मात्र म्हणत नाही.