सामालचा डावा डोळा

उत्तरेकडच्या आमच्या थंड बेटावर, खाडीत देवमाशांचा कळप शिरल्याची हाक आली की गावात कुणी भानावर राहत नाही. चुलीवरचं तसंच टाकून माणसं सुरे घेऊन किनाऱ्याकडे पळतात. माझा नवरा सामाल सगळ्यांच्या पुढे. मानेमागे एकच घाव, मासा खलास. तसा हात उभ्या गावात दुसऱ्याचा नाही.

त्या वर्षी कळप आला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरीणबाईंनी सुजेवरच्या थेंबांची बाटली देताना बजावलं होतं, हात धुवा, टोक डोळ्याला लावू नका, सांगितल्यापेक्षा जास्त थेंब नकोत, दुखलं तर लगेच या. आणि समुद्रात तर अजिबात उतरायचं नाही.

"त्या बाईला कळप काय ठाऊक!" म्हणत हा गडी बाटली खिशात टाकून छातीभर पाण्यात शिरला. पाणी लालभडक, शेपट्या आपटतायत, माणसं किंचाळतायत. एका शेपटीच्या तडाख्यानं रक्ताचं पाणी थेट त्याच्या डोळ्यात गेलं. तिथेच रक्ताळल्या हातानं टोक पापणीत खुपसून त्यानं थेंब घातले आणि पुन्हा सुरा उचलला.

घरी डोळा ठणकायला लागला. ठणकला की थेंब, पुन्हा ठणकला की पुन्हा थेंब.

"बघ मार्युन, थांबलं की!" मला म्हणायचा.

थांबलं कसलं, डोंबल! थेंबांनी दुखणं दबलं होतं, आत डोळा सडत होता. मग बुबुळ पांढरं पडलं, पू यायला लागला. दवाखान्यात चल म्हटलं तर त्यानं किटली भिंतीवर फेकली. आणि उजवा डोळा चोळत त्याच बाटलीचं टोपण काढलं. "हाही चुरचुरतोय."

माझं डोकंच फिरलं. मनगटावर असा फटका हाणला की बाटली उडाली. ती मी टाचेखाली चिरडली. त्यानं माझे केस धरले, मी त्याचं नाक फोडलं.

"एक घालवलास, मुडद्या! दुसरा नाही घालवू देणार!"

तसाच रक्त गाळत गाडीत कोंबला त्याला.

डावा डोळा काढावाच लागला. पुढे उजव्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी येऊन त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, मान मागे टाकली आणि नवी बाटली माझ्या हातात दिली.

"तूच घाल बाई. तुझा हात नेमका बसतो," वाकड्या नाकावर बोट ठेवून म्हणाला.

मी थेंब घातला. तेवढ्यात खालून हाक आली, कळप आलाय म्हणून. सामालनं खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळा मिटलेलाच ठेवला, आणि उठला नाही.