माझ्या गुडघ्यावरचा हीटर

"आई, परत जायचं नाव काढू नकोस! तुझ्या खोलीत हीटर बसवतोय!" शारजाच्या बसमध्ये शेजारचा गृहस्थ फोनवर असा ओरडला, की ड्रायव्हरनेच घाबरून एसी कमी केला.

चिपळूणहून आलेली त्याची आई उन्हाला नव्हे, एसीला कंटाळली होती. इथेच जन्मलेली नातवंडं एसी अठरावरून हलू देत नसत. त्या घरात म्हणे दूध ऊब मिळावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवत.

फोन ठेवून त्याने मला योजना समजावली. त्याचा गुडघा म्हणजे हॉल, माझा गुडघा म्हणजे आईची खोली. "इथं सेन्सर, इथं हीटर. वायर नाहीच, सगळं वायफायवर. खोली गारठली की मी ट्रॅफिकमधूनच बटण दाबणार. खलास!" दर बटणाला तो माझ्या गुडघ्यावर अशी टिचकी मारी, की मला खरोखर चटका बसे.

"एसीच बंद करा ना," मी म्हणालो.

"पोरं 'डॅड, इट्स बॉइलिंग!' म्हणून रडतात हो."

वाळवंटात आईसाठी ऊब शोधणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

त्याने पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. "आई, हीटर कितीवर ठेवू?"

"नको तो हीटर," आई म्हणाली. "मी गॅलरीत खुर्ची टाकलीय. राहते अजून महिनाभर."