वंशवृक्षात नसलेली लेक

मंडळी, आज फार थकून घरी आलोय, तरी हे लिहितो.

ड्युसेलडॉर्फजवळच्या आमच्या कारखान्यात सुतारकामातल्या पटाशीची आणि रंध्याची पाती बनतात. मालकांचं घराणं मूळचं इंग्लंडचं, पिढ्यानपिढ्या पोलादाच्या धंद्यातलं. आज पाहुण्यांना भिंतीवरचा वंशवृक्ष दाखवत म्हातारे मालक म्हणाले, "माझ्यानंतर आता कोणी नाही."

त्यांची मुलगी क्लारा शेजारीच चाकावर पात्याला धार लावत होती. "मग पप्पा, ही धार कोण लावतंय? भूत?"

"अगं, त्यात फक्त मुलगे लिहायची रीत आहे."

पाहुणे हसले. क्लारा पुन्हा कामाला लागली, पण दुपारी जेवायला आली नाही.

आमच्या गावी सुगीनंतर वंशावळ वाचणारा हेळवी येतो. त्याच्याकडेही लेकींची नावं नसतात. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि थोरल्या भावाला फोन केला. "दादा, यंदा हेळव्याला आमच्या सईचं नाव घालायला सांग."

"अरे, ती उद्या दुसऱ्याच्या घरची. तिचं नाव कशाला?"

फोन स्पीकरवर होता आणि माझी लेक सई शेजारीच बसली होती. ती बोलते जर्मनमध्ये, पण मराठी तिला सगळं कळतं.

तिला काय सांगू?